कॅम्परचा कॉम्प्रेसर आणि घरचा कॉम्प्रेसर: एकाच यंत्रात दोन्ही कामे होतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून घेतला आहे, तिचे टायर २१५/७५ आर १५ मापाचे आहेत आणि आपण त्यांत ६० पीएसआय (हे हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवता. विजापूर रोडवरील आपल्या घरी एक छोटी कार, एक स्कूटर, मुलांच्या दोन सायकली आणि गणवेश शिवण्याची, मोटारीवर चालणारी चार मशिने आहेत; त्या मशिनांतील कचरा हवेने उडवता आला तर बरे, असेही आपण लिहिले आहे. दुकानदाराने तीन यंत्रे दाखवली: हातात मावणारे, चार्जिंगचे, ‘३०० पीएसआय’ लिहिलेले; गाडीच्या बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे दोन सिलिंडरचे; आणि घरच्या विजेवर चालणारे २४ लिटर टाकीचे बिनतेलाचे. यांतले कोणते एक घेतले म्हणजे दोन्हीकडचे काम होईल, आणि टाकीचे यंत्र कॅम्परमधील १५०० वॉटच्या इन्व्हर्टरवर चालेल का, असे आपण विचारले आहे.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षे कॉम्प्रेसर दुरुस्तीचे काम करतो. कारखान्यांतील मोठ्या स्क्रू कॉम्प्रेसरपासून पंक्चरवाल्यांच्या पट्ट्याच्या कॉम्प्रेसरपर्यंत सर्व यंत्रे उघडून पाहिली आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ही लहान यंत्रेही टेबलावर येऊ लागली आहेत. माझे उत्तर आधीच सांगतो: आपण १२ व्होल्टचे दोन सिलिंडरचे, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारे यंत्र घ्यावे. कॅम्परचे, कारचे, स्कूटरचे आणि सायकलींचे काम त्या एकात होईल. शिलाई मशिनांसाठी खरोखरच रोज हवा लागणार असेल, तरच टाकीचे यंत्र घ्यावे आणि ते घरीच ठेवावे. हातातले यंत्र मुख्य यंत्र म्हणून घेऊ नये. असे का, ते आता सविस्तर सांगतो.

पेटीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला ‘३०० पीएसआय’ हा आकडा आपल्या कामाचा नाही. आपल्याला ६० पीएसआय हवे आहेत आणि या तिन्हींपैकी कोणतेही यंत्र तेवढा दाब देते. दाब म्हणजे यंत्र किती जोराने ढकलू शकते. ते किती हवा ढकलते, हे लिटर प्रति मिनिट या आकड्यावरून कळते, आणि टायर भरायला किती वेळ लागेल हे त्यावरच ठरते. सिलिंडर लहान केला की तीच मोटार जास्त दाब देऊ शकते, पण प्रत्येक फेऱ्याला कमी हवा देते. म्हणून पेटीवरचा दाबाचा आकडा फार मोठा असेल, तर मी सिलिंडर किती बारीक आहे ते आधी पाहतो.

आपल्याच टायरचा हिशेब करू. या मापाच्या टायरच्या पोटात अंदाजे ४५ लिटर जागा असते. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला, तर टायर ४० वरून ६० पीएसआयवर नेण्यासाठी २० भागिले १४.७ गुणिले ४५, म्हणजे सुमारे ६० लिटर मोकळी हवा आत ढकलावी लागते. पंक्चर काढल्यानंतर अगदी रिकामा टायर ६० पर्यंत भरायचा असेल तर हीच गरज सुमारे १८५ लिटरवर जाते. याउलट आपल्या छोट्या कारच्या १६५/८० आर १४ सारख्या टायरला २५ वरून ३३ वर यायला साधारण १५ लिटर हवा पुरते. कारचे काम करणारे यंत्र कॅम्परजवळ आल्यावर का थकते, ते या दोन आकड्यांत दिसते: काम चौपट आहे, आणि तेही दुप्पट दाबाविरुद्ध आहे.

पेटीवर लिटरचा जो आकडा असतो तो बहुधा नळीचे तोंड मोकळे असतानाचा असतो. दाब चढत जातो तशी प्रत्यक्ष आत जाणारी हवा कमी होत जाते, कारण पिस्टनच्या टोकाशी उरलेली दाबलेली हवा पुन्हा फुगते आणि नवी हवा आत येऊ देत नाही. शिवाय मोटारही जड होऊन मंदावते. ६० पीएसआयच्या आसपास पेटीवरच्या आकड्याचा निम्मा धरावा, असा माझा ठोकताळा आहे. हातातल्या यंत्रावर १५ ते २० लिटर लिहिलेले असेल तर ८ ते १० धरा. म्हणजे आपल्या एका टायरला सहा-सात मिनिटे आणि चार टायरना पंचवीस मिनिटांहून अधिक. त्यातली बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअर-तासांची असली, तर तिच्यात सुमारे २८ वॉट-तास ऊर्जा असते, आणि शंभर वॉट खेचणारी मोटार ती पंधरा-सतरा मिनिटांत संपवते. चार टायर तिच्याने होत नाहीत. १२ व्होल्टच्या दोन सिलिंडरच्या यंत्रावर ७२ लिटरसारखा आकडा असतो; त्याचे ३५-४० धरले तरी एक टायर दीड-दोन मिनिटांत होतो.

गेल्या एप्रिलमध्ये एक गृहस्थ असेच एक हातातले यंत्र माझ्याकडे घेऊन आले. सहलीला निघताना त्यांनी आपल्या व्हॅनचे चारही टायर त्याच यंत्राने एकापाठोपाठ भरायला घेतले होते, आणि तिसऱ्या टायरला ते गुरगुरून बंद पडले होते. मी चार स्क्रू काढून कवच उघडले. आतील पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे दोन दात मेणासारखे ओघळून शेजारच्या दातांना चिकटले होते, पिस्टनची रिंग नखाने उचलली तर तिचा काळा चुरा झाला, आणि सिलिंडर ज्या प्लॅस्टिकच्या खाचेत बसतो ती खाच पिवळी पडून वाकली होती. यंत्र खोटे नव्हते. स्कूटर आणि कारला अधूनमधून चार-पाच पीएसआय देण्यासाठी ते बनवले होते, आणि तेवढे काम त्याने वर्षानुवर्षे केले असते.

इथे यंत्र सलग किती वेळ चालवायचे हा मुद्दा येतो, आणि माझ्या मते खरेदीत सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच आहे. हवा दाबली की ती तापते. ती उष्णता सिलिंडरच्या डोक्याला, रिंगेला आणि व्हॉल्वच्या पातळ पट्टीला सोसावी लागते. पुस्तिकेत ‘दहा मिनिटे चालवून दहा मिनिटे थांबा’ किंवा ‘१०० पीएसआयला ३० टक्के’ असे काहीतरी लिहिलेले असते. ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली तीन मिनिटे चालवणे आणि सात मिनिटे विश्रांती. ही सूचना लिहिताना बाहेरचे तापमान काही ४२ अंश धरलेले नसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी सावलीतच पारा ४२-४३ वर असतो आणि डांबरावर ठेवलेल्या यंत्राला त्याहून कितीतरी अधिक सोसावे लागते, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात पुस्तिकेतील चालण्याची वेळ निम्म्यावर आणावी आणि हवा शक्यतो सकाळी भरावी. सिलिंडरला उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या असलेले, मोटार आणि सिलिंडर उघड्यावर असलेले यंत्र दिसायला ओबडधोबड वाटते, पण ते लवकर थंड होते. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेले यंत्र सुंदर दिसते आणि आतल्या आत शिजते. तापमान वाढल्यावर आपोआप बंद होण्याची सोय यंत्रात आहे का, हेही विचारून घ्यावे.

हातातल्या यंत्राबाबत आणखी एक सांगायला हवे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जाते, आणि लिथियम सेलना ते मानवत नाही. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्जही करू नयेत. अडचणीसाठी म्हणून असे यंत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात महिनोन्महिने ठेवले, तर नेमक्या अडचणीच्या दिवशी ते निम्म्या ताकदीचे निघण्याची शक्यता मोठी असते. १२ व्होल्टच्या यंत्रात स्वतःची बॅटरी नसल्याने ही काळजीच उरत नाही.

आता वीज. १२ व्होल्टचे दोन सिलिंडरचे यंत्र साधारण ३० अँपिअर घेते, काही त्याहून जास्त. डॅशबोर्डवरील लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॉटच्या पुढे ते सॉकेट वापरताच येत नाही. जे यंत्र लायटरच्या सॉकेटमध्ये चालते ते मुळातच त्या मर्यादेत बसेल एवढे लहान केलेले असते, आणि म्हणूनच मी आपल्याला चिमट्यांचे यंत्र घ्यायला सांगतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्या सॉकेटची वायर बारीकच राहते आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते. असे कधीही करू नये. कॅम्परमध्ये लोक जे पोर्टेबल पॉवर स्टेशन ठेवतात, त्याचे १२ व्होल्टचे तोंडही बहुधा दहा अँपिअरच्या आसपासच असते, त्यामुळे हे यंत्र त्यावरही चालणार नाही.

चिमटे बॅटरीला लावल्यावर पुढची अडचण मागच्या चाकापर्यंत पोहोचण्याची. ट्रॅव्हलरसारख्या लांब गाडीत बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंत पाच-सहा मीटर अंतर सहज होते. या कामात नवा असताना मी अशाच एका गाडीसाठी घरात उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर जोडून विजेची बाजू लांबवली होती. यंत्र रडत-रडत फिरत होते, टायरचा काटा हलत नव्हता, आणि वायरचे वेटोळे हाताला चटका बसेल इतके तापले होते. हिशेब नंतर केला: सहा मीटर जाणे आणि सहा मीटर येणे अशी बारा मीटर वायर, ३० अँपिअर प्रवाह, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्यात सुमारे २.७ व्होल्ट वाटेतच जातात. बारापैकी पावणेतीन व्होल्ट गेल्यावर मोटारीने काय करावे? सहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली तरी १.१ व्होल्ट जातातच. म्हणून तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. हवेच्या नळीत एवढ्या कामासाठी दाबाची म्हणावी अशी घट होत नाही. यंत्र बॅटरीजवळ ठेवावे आणि आठ-दहा मीटरची चांगली रबरी किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी कपलरने (झटकन जोडता-काढता येणाऱ्या तोंडाने) जोडावी. पीव्हीसीची कडक नळी उन्हात मऊ पडते आणि थंडीत तडकते.

यंत्र चालताना गाडीचे इंजिन चालू ठेवावे, म्हणजे अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात, यंत्र जोरात चालते आणि बॅटरी उतरत नाही. अर्थात गाडी मोकळ्या जागेत हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसू नये. कॅम्परच्या मागच्या भागात लिथियमची वेगळी बॅटरी असेल आणि तिच्याजवळच एक जाड वायरचे, चाळीस अँपिअरच्या फ्यूजचे तोंड करून घेतले, तर मागची चाके अगदी हाताशी येतात. ज्यांनी कॅम्पर नव्याने बांधायला काढला आहे, त्यांनी हे तोंड सुतारकाम होण्याआधीच करून घ्यावे.

काट्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. यंत्रावरचा काटा किंवा डिजिटल आकडा तीन-चार पीएसआयने चुकलेला असणे सामान्य आहे, आणि यंत्र चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे. म्हणून चालू असताना ६४ दिसले तरी बंद केल्यावर ५९ निघू शकतात. एक वेगळा, हातात धरायचा चांगला प्रेशर गेज घ्यावा आणि त्यालाच खरे मानावे. टायर थंड असताना मोजावे: सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. सोलापूरहून पंढरपूरला पोहोचल्यावर मोजले तर धावून तापलेल्या टायरात आकडा चढलेला दिसणारच, आणि तो पाहून हवा कमी करणे ही मोठी चूक ठरते, कारण टायर निवल्यावर तो कमी दाबाचा होतो. ऋतूचाही फरक पडतो. मेमध्ये ४२ अंशांना ६० भरलेला टायर, एक थेंबही न गळता, जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतील १५ अंशांच्या पहाटे ५३-५४ दाखवील. भरलेल्या कॅम्परचे वजन घेऊन कमी हवेचा टायर धावला की त्याच्या भिंती सतत वाकून तापतात, आणि महामार्गावर टायर फुटण्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे. दाब किती ठेवायचा ते दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर पाहावे. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. आपल्या कॅम्परमध्ये पाण्याची टाकी, पलंग आणि बॅटऱ्या चढल्यावर मागच्या चाकांवर किती वजन आले आहे, ते एकदा वजनकाट्यावर पाहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नळीच्या टोकाचा व्हॉल्व फिरवून बसवायचा असतो किंवा खटका दाबून. फिरवायचा पक्का बसतो पण काढताना एक-दोन पीएसआय हवा सोडतो आणि उन्हात त्याचे पितळ बोटांना भाजते. मला खटक्याचा आवडतो. मुलांच्या सायकलींना जुन्या पद्धतीचा व्हॉल्व असेल तर त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो आणि फुटबॉलला सुई. हे दोन्ही पेटीत आहेत का ते पाहून घ्यावे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फार थोडी मावते, त्यामुळे मोठे यंत्र तिला काही सेकंदांतच भरते; यंत्र सतत चालू ठेवू नये.

आता घरची बाजू. घरी चाकांना हवा भरण्यासाठी स्वतंत्र यंत्र लागत नाही. कॅम्पर दारात उभाच असतो, त्याच्या बॅटरीवर हेच यंत्र लावून कार आणि स्कूटर पाच मिनिटांत होतात. प्रश्न उरतो तो शिलाई मशिनांचा. हवेची बंदूक किती हवा खाते याची कल्पना बहुतेकांना नसते. दोन मिलिमीटर छिद्राच्या नोझलमधून सहा बारला (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) मिनिटाला सुमारे २५० लिटर हवा जाते. १२ व्होल्टचे यंत्र तिच्या जवळपासही येत नाही. २४ लिटर टाकीचे एक अश्वशक्तीचे यंत्रही सतत तेवढी हवा देऊ शकत नाही: पेटीवर १२० ते १३५ लिटर लिहिलेले असते आणि पूर्ण दाबाला त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा बाहेर पडते. आठ बारला भरलेल्या टाकीतून सहा बारपर्यंत येताना फक्त ४८ लिटर हवा मिळते, म्हणजे बंदूक दहा-बारा सेकंद धरली की मोटार पुन्हा सुरू. पण तीच बंदूक एक मिलिमीटरच्या नोझलने आणि रेग्युलेटर दोन बारवर आणून वापरली, तर ती मिनिटाला तीसेक लिटरच घेते, आणि मग लहान टाकीचे यंत्रही आरामात पुरते. शिलाई मशिनाला एवढाच दाब योग्य आहे. सहा बारने मारलेली हवा दातांखालचा आणि बॉबिन केसजवळचा धाग्यांचा कचरा उडवण्याऐवजी आणखी आत, तेलाच्या वातीपर्यंत कोंबते. खरे तर आधी ब्रशने कचरा ओढून काढावा आणि हवा शेवटी, आतून बाहेरच्या दिशेने मारावी. चार मशिने रोज आठ तास चालत असतील तर टाकीचे यंत्र घेण्यात अर्थ आहे. आठवड्यातून दोन दिवस चालत असतील तर ब्रश आणि लहान व्हॅक्यूम क्लीनर पुरेसा आहे, आणि मी आपल्याला यंत्र विकत घ्यायला सांगणार नाही.

टाकीचे घ्यायचे ठरले तर बिनतेलाचे, मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या संथ मोटारीचे घ्यावे. २८०० फेऱ्यांचे स्वस्त यंत्र इतका आवाज करते की शेजारी तक्रार करतील आणि घरात बोलणे ऐकू येणार नाही. तेलाचे यंत्र जास्त टिकते, हे खरे आहे, आणि पंक्चरच्या दुकानासाठी मी तेच सुचवतो. परंतु त्याच्या हवेत तेलाचे सूक्ष्म कण येतात, आणि पांढऱ्या गणवेशावर एक पिवळा ठिपका पडला तर पूर्ण नग वाया जातो. तेलाचे यंत्र गाडीत आडवे झाले तर तेल सिलिंडरमध्ये शिरते. कॅम्परमध्ये ते कधीच ठेवू नये.

टाकीत पाणी साठते, आणि ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. पावसाळ्यात ३० अंशांना ८० टक्के दमट असलेली एक घनमीटर हवा आठ बारला दाबून थंड केली की तिच्यातून सुमारे २० ग्रॅम पाणी सुटते. आठवड्यात दहा घनमीटर हवा वापरली तर पेलाभर पाणी टाकीच्या तळाशी जमते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दोन पावसाळे टाकीचा खालचा कॉक एकदाही उघडलेला नव्हता. मी तो पान्याने सैल केला तेव्हा आधी फुसफुस आवाज आला आणि मग चहासारखे तांबडे पाणी खाली ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत पडू लागले; वाटी भरली, दुसरी लावली, आणि शेवटी गंजाचे पातळ पापुद्रे आले. ती टाकी मी पुन्हा वापरू दिली नाही. गंजून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटते, आणि तिला वेल्डिंगने ठिगळ लावण्याचे काम मी करत नाही, कुणाकडून करूनही घेऊ नये. रोज काम संपल्यावर थोडा दाब असताना कॉक उघडावा, आणि महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्वची कडी ओढून तो मोकळा आहे ना हे पाहावे.

यंत्र पूर्ण दाबाला बंद होते तेव्हा ‘फुस्स’ असा एक छोटा आवाज येतो. तो येणे चांगले: सिलिंडरच्या डोक्यात अडकलेली हवा सोडून दिली जाते, म्हणून पुढच्या वेळी मोटार मोकळी सुरू होते. तो आवाज येईनासा झाला आणि मोटार सुरू होताना नुसती गुंजारव करून थांबू लागली, तर लगेच बटण बंद करावे, नाहीतर कपॅसिटर आणि मग वाइंडिंग जाते. यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवर, थेट लावावे. टीव्हीच्या बारीक एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्याने व्होल्टेज कमी मिळून मोटार अडते, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेले असताना तर हमखास अडते.

यावरूनच इन्व्हर्टरच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. ७५० वॉटची मोटार चालू झाल्यावर ७५० वॉट घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट प्रवाह मागते. १५०० वॉटचा इन्व्हर्टर त्या क्षणी बंद पडतो. पडला नाही तरी चालताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७० अँपिअरच्या वर प्रवाह खेचला जातो. तीन हजार वॉटचा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घातला तर चालेल, परंतु वीस-पंचवीस किलोचे यंत्र गाडीत वाहून, एवढा इन्व्हर्टर बसवून, जे काम १२ व्होल्टचे पाच-सहा किलोचे यंत्र थेट करते तेच करायचे, यात मला काही लाभ दिसत नाही.

फुगवायच्या गादीसाठी मात्र यांपैकी कोणतेच यंत्र वापरू नये. गादीला दाब जवळजवळ नको असतो आणि हवा तीनशे-चारशे लिटर हवी असते. त्यासाठी पंख्याचा छोटा पंप येतो.

कॅम्पर उजनी धरणाच्या काठाला किंवा नान्नजकडे माळरानावर नेल्यावर यंत्र जमिनीवर ठेवू नये. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि हवा आत घेणाऱ्या स्पंजातून सिलिंडरमध्ये जाते. मग रिंगेला ओरखडे पडतात. खाली एखादी जुनी चादर किंवा पाटी ठेवावी, आणि स्पंज दोन-तीन सहलींनंतर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण यंत्रमागांच्या कारखान्यांत मी ती रोज पाहिली आहे: काम संपल्यावर अंगावरचा, कपड्यांवरचा कापूस हवेच्या बंदुकीने झटकण्याची सवय. दाबाची हवा त्वचेतील लहानशा जखमेतून आत शिरू शकते, डोळा किंवा कानाचा पडदा कायमचा जाऊ शकतो. आपल्या घरी शिलाईचे काम चालते आणि मुलेही आहेत. बंदूक मुलांच्या हाती देऊ नये. त्याचप्रमाणे कमी हवेवर बरेच अंतर धावलेला टायर भरताना त्याच्या भिंतीसमोर बसू नये, गाडीच्या लांबीच्या दिशेने, चाकाच्या पुढे किंवा मागे उभे राहावे, कारण आतले धागे तुटलेले असतील तर तो भिंतीतून बाहेरच्या दिशेने फुटतो.

खरेदीला जाताना कॅम्परच घेऊन जावे. दुकानासमोर स्टेपनीचा दाब आपल्या गेजने ४० वर आणावा, दुकानदाराला चिमटे लावून यंत्र चालू करायला सांगावे आणि घड्याळ लावावे. ६० पर्यंत जाण्यास तीन मिनिटांच्या आत लागले तर यंत्र आपल्या कामाचे आहे. त्यानंतर लगेच वायरला हात लावून पाहावा: ती कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर वायर बारीक आहे. पिस्टनची रिंग, व्हॉल्वची पट्टी आणि कपलर सुटे मिळतात का, ते त्याच वेळी विचारावे. सुटे भाग मिळत नसतील तर कितीही चांगले यंत्र असले तरी ते घेऊ नये. आपल्या गाडीच्या मागे जोडचाके आहेत की एकेरी, हे आपण लिहिलेले नाही. जोडचाके असतील तर आतल्या टायरच्या व्हॉल्वपर्यंत साधे टोक पोहोचत नाही. त्यासाठी लांब दांड्याचे, दोन्ही दिशांना तोंड असलेले टोक यंत्राबरोबरच घ्यावे.